फरशीखालचा प्लास्टिक पाइप: ड्रिल लावण्याआधी तो शोधायचा कसा

बहिणीच्या पुण्यातल्या फ्लॅटमध्ये बाथरूमच्या दाराला स्टॉपर बसवायचा होता. मी डिटेक्टर फिरवला, हिरवा दिवा लागला, आणि ड्रिल लावलं. बिट बाहेर काढलं तेव्हा टोकाला एक पिवळट-पांढरी, कुरळी साल चिकटलेली होती. ती मी फुंकर मारून उडवली, गिट्टी (स्क्रू धरून ठेवणारा प्लग) ठोकली, स्क्रू पिळला. पाणी आलं नाही. अकराव्या दिवशी खालच्या मजल्यावरचे काका जिना चढून वर आले. त्यांच्या पॅसेजच्या छताला ओल धरली होती.

डिटेक्टर खोटं बोलला नव्हता. तो धातू शोधत होता आणि तिथे धातू नव्हताच. बिटाने पाइपला पाडलेलं भोक गिट्टी आणि स्क्रूने अर्धवट बुजवलं होतं, म्हणून लगेच काही दिसलं नाही.

ही चूक सगळीकडे होते आणि बहुतेक वेळा क्रम चुकल्यामुळे होते. आधी मेन वॉल्व्ह बंद करतात, नळ उघडून लाइन रिकामी करतात, फरशी पुसून घेतात आणि मग मशीन फिरवतात. वाटतं काळजीपूर्वक चाललंय. पण शोधण्याची जी जी साधनं आहेत ती या तीन गोष्टींनी आंधळी होतात. प्लास्टिक स्वतःहून सापडत नाही. त्याच्या आत गरम पाणी, गार पाणी, चालू वायर, नाहीतर पोलादी तार असं काहीतरी असेल तरच ते बाहेरून कळतं. म्हणून एवढं लक्षात ठेवा: शोधताना भरलेला आणि चालू, भोक पाडताना रिकामा आणि बंद. खालचे सगळे टप्पे याच क्रमाने आहेत.

## टप्पा १: भोक खरंच लागतंय का, आणि किती खोल

आधी हा प्रश्न, कारण निम्मी भोकं टाळता येतात. दाराचा स्टॉपर दारालाच किंवा भिंतीच्या स्कर्टिंगला लावता येतो. शॉवरच्या काचेचं खालचं चॅनेल चांगल्या सिलिकॉनवर बसतं. काचेचा खरा आधार भिंतीवरच्या क्लॅम्पचा असतो. तुमच्या काचेच्या मापाला हे चालेल का, हे बसवणाऱ्याला विचारा. बाथरूममध्ये तर भोक टाळण्याला आणखी एक कारण आहे: पाइप वाचला तरी खालचं वॉटरप्रूफिंग फुटतं.

भोक लागणारच असेल तर खोली मोजा. स्क्रू पाकिटावर ४० मिमीचा लिहिलेला असतो, कारागीर मात्र बिट जाईल तिथपर्यंत दाबतो आणि ७० मिमीचं भोक होतं. ही जास्तीची ३० मिमीच घात करते.

फरशी आणि तिच्याखालचा थर मिळून किती जाडीचा आहे हे बघायला फोडाफोड लागत नाही. नहाणीची जाळी उचला आणि कडेला पट्टी लावा. बाल्कनीच्या पायरीवर किंवा दाराच्या पट्टीच्या कडेलाही थर उघडा दिसतो. साधारण ८ ते १० मिमीची टाइल आणि तिच्याखाली २५ ते ५० मिमी सिमेंट-वाळूचा थर असतो. बाथरूममध्ये स्लॅब खाली सोडलेला असेल तर त्याखाली वीटतुकड्यांचा कोबा असतो, कधी वीतभर, कधी जास्त.

पाइप बहुधा या थरात किंवा कोब्यात असतो, मूळ स्लॅबमध्ये नाही. विजेचे पीव्हीसी पाइप मात्र स्लॅब ओततानाच सळयांमध्ये टाकलेले असू शकतात.

*तपासणी: भोकाची खोली मिमीमध्ये कागदावर लिहिली का? "साधारण एवढं" चालणार नाही.*

## टप्पा २: मशीनआधी डोकं

इथे जेवढा वेळ घालवाल तेवढं पुढचं काम सोपं होतं. मी यावर अर्धा तास देतो, मशीनवर दहा मिनिटं.

कागद आणि फोटो. बिल्डरचा प्लंबिंगचा नकाशा मिळाला तर घ्या, पण त्यावर डोळे झाकून विसंबू नका. कागदावरची लाइन सरळ असते, साइटवरची प्लंबरच्या सोयीने जाते. नकाशापेक्षा नूतनीकरणाच्या वेळी कुणी मोबाइलवर काढलेला फोटो मोलाचा. घर जुन्या मालकाकडून घेतलं असेल तर त्यांना एक फोन करा. सोसायटीत वर्षानुवर्षं काम करणारा प्लंबर असतो, त्यालाही विचारा. तुमच्याच रांगेतल्या वरच्या-खालच्या फ्लॅटमध्ये काम चालू असेल तर जाऊन बघून या, कारण मूळ लाइन बहुधा सारखीच असते.

पाण्याच्या जागा जोडून बघा. कागदावर खोलीचा आराखडा काढा. त्यावर मेन वॉल्व्ह, गिझर, प्रत्येक नळ, फ्लश टाकी, वॉशिंग मशीनचा पॉइंट, वॉटर प्युरिफायर आणि सोलरची लाइन उतरते ती जागा खुणा करून दाखवा. आता प्रत्येक खुणेला विचारा: इथे पाणी कुठून आलं?

बहुतेक वेळा पाइप भिंतीत झिरी मारून आडवा नेलेला असतो. भिंत जिथे तुटते तिथे, म्हणजे दारात, त्याला दोनच वाटा उरतात: चौकटीवरून वर, नाहीतर उंबऱ्याखालून. कमी पाइप लागतो म्हणून प्लंबर बऱ्याचदा उंबऱ्याखालची वाट धरतो. आणि आपण दाराचा स्टॉपर, सरकत्या दाराचा खालचा ट्रॅक, काचेचं चॅनेल, फ्लोअर स्प्रिंग हे सगळं नेमकं तिथेच बसवतो. दाराच्या दोन्ही बाजूंनी एकेक फूट हा पट्टा, दुसरं सिद्ध होईपर्यंत, पाइपचाच समजा.

दुसरी धोक्याची जागा म्हणजे स्वयंपाकघरातून ड्राय बाल्कनीकडे जाणारा पट्टा. वॉशिंग मशीनची लाइन नंतर वाढवलेली असते. ती फरशी बदलताना फरशीखालून सरळ, कधी चक्क तिरकी टाकलेली असते. मूळ कामातला पाइप भिंतीला समांतर जातो, नंतर वाढवलेला कसाही जातो. घरात एकदा जरी फरशी बदलली असेल तर "पाइप काटकोनातच असतो" हा नियम विसरा.

सांडपाणी. नहाणीची जाळी उचलून टॉर्चने आत बघा. बाहेर जाणारं तोंड कोणत्या दिशेला आहे ते दिसतं. तिथून डक्टमधल्या उभ्या पाइपपर्यंत रेघ काढा. हा पाइप उतारावर असतो, म्हणून नहाणीपाशी वर आणि डक्टपाशी खोल. पाइप जाड आहे म्हणून तो वाचेल असं समजू नका; ७५ मिमीचा पाइप भोकाखाली येण्याची शक्यता उलट जास्त.

वीज आणि इतर. खोलीच्या मधोमध फरशीत सॉकेट, पलंगाच्या दोन्ही बाजूंना स्विच, टीव्हीपासून इंटरनेटच्या डबीपर्यंत लपवलेली केबल, एसीच्या पाण्याचा लपवलेला निचरा, यातलं काय फरशीखालून गेलंय ते नोंदवा.

*इशारा: टॉवर किंवा ऑफिसची इमारत असेल तर स्लॅब पोस्ट-टेन्शन, म्हणजे ताणलेल्या पोलादी केबलचा आहे का, हे व्यवस्थापनाला लेखी विचारा. तसा असेल तर इमारतीच्या स्ट्रक्चरल इंजिनिअरच्या परवानगीशिवाय स्लॅबपर्यंत बिट नेऊ नका. तिथे पाण्याच्या गळतीपेक्षा कितीतरी मोठा धोका आहे.*

## टप्पा ३: शोधण्यासाठी जागा तयार करा

आदल्या रात्रीपासून त्या भागात ओली फडकी फिरवू नका. बाथरूम असेल तर शक्य तितके तास कोरडं राहू द्या, पंखा लावा. ओल्या थरात रडारची लहर विरते, विजेचा डिटेक्टर सगळीकडे वाजत सुटतो आणि थर्मल, म्हणजे ऊब-गारवा दाखवणाऱ्या, कॅमेऱ्यात बाष्पीभवनाचे गार डाग पडून खरी रेघ झाकली जाते.

मेन वॉल्व्ह उघडाच ठेवा. नळ क्षणभर उघडून बंद करा, म्हणजे लाइन पाण्याने भरलेली आहे याची खात्री होते. वॉल्व्हची मूठ एकदा फिरवूनही बघा. वर्षानुवर्षं न हललेला वॉल्व्ह ऐन वेळी अडकतो, आणि तो अडकलाय हे कारंजं उडाल्यावर कळून उपयोग नाही. टाकीवरचा वॉल्व्ह कोणता, त्याची चावी कुणाकडे, हेही विचारून ठेवा.

आता भोकाच्या जागेभोवती प्रत्येक बाजूला किमान ५० सेमी असा चौकोन मास्किंग टेपने आखा आणि त्यात दर १० सेमीला आडव्या-उभ्या रेघा घ्या. टेपवर पेनने लिहिता येतं आणि नंतर ती निघते. खडू चालतो, पण पाय पडला की जातो. भोकाच्या जागेपुरताच ठिपका तपासला तर पाइप सापडला तरी तो कोणत्या दिशेला चाललाय ते कळत नाही.

## टप्पा ४: गरम पाण्याने लाइन उजळवा

घरच्या घरी करता येईल अशी सर्वांत भरवशाची पद्धत हीच. थर्मल कॅमेरा हवा. मोबाइलला जोडायचे मिळतात. नाहीतर गळती शोधणारे कारागीर तो घेऊन येतात.

१. आधीचा फोटो. गरम पाणी सोडण्याआधी चौकोनाचा थर्मल फोटो काढा. उन्हाची तिरीप, फ्रिजखालची ऊब, नुकतंच कुणी बसलेली जागा, हे सगळं त्यात आलेलं असतं. हा फोटो नसेल तर पुढे दिसणारी प्रत्येक उबदार रेघ पाइपच वाटते.

२. पाइप कोणता ते बघा. गरम पाण्याची लाइन आजकाल सीपीव्हीसीची असते, फिकट पिवळसर रंगाची; गिझरचं पाणी तिला सोसतं. पांढरा यूपीव्हीसी मात्र गार पाण्याचा आहे. "दोन्ही लाइन एकदम शोधू" म्हणून त्यात गिझरचं कढत पाणी उलटं ढकलू नका. तो मऊ पडतो आणि सांधे सुटतात.

३. धार बारीक ठेवा. गिझर पूर्ण तापवा आणि शोधायच्या लाइनवरचा शेवटचा गरम नळ उघडा. इथे सगळे चुकतात. नळ पूर्ण उघडला तर २५ लिटरचा गिझर काही मिनिटांत गार पडतो आणि फरशीला ऊब पोहोचतच नाही. मिनिटाला लिटर-दीड लिटर एवढीच धार हवी, म्हणजे पंधरा-वीस मिनिटं मिळतात. पुन्हा तापवा, पुन्हा सोडा. बादल्या भरून ठेवा, त्या दिवशी धुणं उरकून घ्या.

४. दर पाच मिनिटांनी फोटो. पाइप ३–४ सेमी खाली असेल तर पंधरा-वीस मिनिटांत पुसट पट्टा दिसू लागतो. ७–८ सेमी खाली असेल तर तास किंवा जास्त लागतो आणि पट्टा पसरट होतो. वीतभर खोल कोब्यातला पाइप या पद्धतीने दिसेल अशी आशा धरू नका.

५. पहिल्या रेघेवर खूण करा. पट्टा प्रथम दिसतो तेव्हा तो अरुंद असतो आणि पाइपच्या बरोबर वर असतो. पुढे ऊब बाजूला पसरते आणि मध्य चुकायला लागतो. लोक "अजून ठळक होऊ दे" म्हणून थांबतात आणि मग हातभर रुंद पट्ट्यात पाइप शोधत बसतात. पहिल्या पुसट रेघेवरच टेप लावा.

*तपासणी: चकचकीत टाइल आरशासारखी वागते. गरम पट्टा दिसला की स्वतः दोन पावलं बाजूला सरका. पट्टा तुमच्याबरोबर सरकला तर ते तुमचंच प्रतिबिंब. जागीच राहिला तर तो फरशीतला.*

गार पाण्याची लाइन शोधायला आपल्याकडे गच्चीवरची टाकी कामी येते. एप्रिल-मेच्या दुपारी टाकीतलं पाणी हात धरवत नाही इतकं तापतं आणि घरातली फरशी त्यामानाने गार असते. दुपारी दोनच्या सुमाराला गार नळ बारीक सोडून ठेवा, रेघ उमटते. डिसेंबर-जानेवारीत पहाटे उलटं: टाकीचं पाणी गारठलेलं असतं आणि कॅमेऱ्यात थंड रेघ येते. तुमच्याकडे पाणी जमिनीखालच्या टाकीतून थेट पंपाने येत असेल तर हा फरक फारसा मिळणार नाही.

परदेशात राहणाऱ्यांसाठी एवढंच: जर्मनीत किंवा इंग्लंडमध्ये घराला फरशीखालची हीटिंग असेल तर खोलीभर प्लास्टिक नळीची वेटोळी असतात, एकमेकींपासून साधारण १० ते २० सेमीवर. तिथे हीटिंग बंद करून फरशी पूर्ण गार होऊ द्या, मग चालू करून पहिल्या अर्ध्या-पाऊण तासात फोटो घ्या. आणि भाड्याचं घर असेल तर घरमालकाला विचारल्याशिवाय ड्रिल हातातच घेऊ नका.

## टप्पा ५: डिटेक्टर आणि रडार

बाजारात स्वस्तात मिळणारा डिटेक्टर तीन गोष्टी ओळखतो: धातू, चालू वीज आणि काही प्रमाणात घनतेतला फरक. काँक्रीटमधला प्लास्टिक पाइप त्याच्या यादीत नाही. त्याचा हिरवा दिवा म्हणजे "सळई नाही, चालू वायर सापडली नाही" एवढंच. तेवढ्यासाठी तो जरूर फिरवा.

वायर शोधताना मेन स्विच चालू आणि त्या पॉइंटचं बटणही चालू हवं. बटण बंद असेल तर पुढच्या तुकड्यात फेज पोहोचतच नाही आणि डिटेक्टरला काही जाणवत नाही.

रडारवर चालणारं हातातलं उपकरण वेगळं. काँक्रीट, पाणी आणि हवा यांच्यातून विद्युतचुंबकीय लहर वेगवेगळ्या तऱ्हेने जाते, आणि ती जिथे एकातून दुसऱ्यात शिरते तिथून परत फिरते. काँक्रीट आणि पाणी यांत हा फरक फार मोठा आहे, म्हणून भरलेला पाइप ठळक दिसतो. रिकामा प्लास्टिक पाइप पुसट दिसतो, कधी दिसतच नाही. उपकरणाच्या माहितीपत्रकात "पाण्याने भरलेला प्लास्टिक पाइप" असा वेगळा रकाना असतो आणि त्यापुढची खोली धातूपेक्षा बरीच कमी असते. आपल्या भोकाची खोली त्याच्याशी ताडून बघा.

वापरताना दोन गोष्टी:

- प्रत्येक रेघ दोन्ही दिशांनी फिरवा, आडवी आणि उभी. पाइपला आडवं ओलांडलं तर पडद्यावर उलट्या वाटीसारखी कमान येते. पाइपच्या लांबीवरूनच मशीन चालवलं तर नुसती सपाट रेघ दिसते, आणि माणूस ती थराची सीमा समजून सोडून देतो.
- जिथे पाइप आहे हे नक्की माहीत आहे तिथे आधी फिरवून बघा, उदाहरणार्थ नळाच्या बरोबर खाली भिंतीवर. तिथे मशीनला तो दिसला नाही तर फरशीत दिसण्याचा प्रश्नच नाही.

भोकं बरीच असतील, खोल असतील, किंवा जागा ऑफिसची वा दवाखान्याची असेल तर काँक्रीट स्कॅनिंग करणाऱ्यांना बोलवा. त्यांच्याकडचं मोठं रडार जास्त खोल बघतं. तरीही दाट सळयांच्या जाळीखालचा पाइप त्यांनाही चकवू शकतो, म्हणून टप्पा २ मधला तुमचा आराखडा त्यांच्या हातात द्या. नुसतं "बघा काय सापडतं" म्हणाल तर तेही ठिपकाच बघून जातील.

## टप्पा ६: रिकाम्या पाइपात तार

इंटरनेटचा, टीव्हीचा किंवा राखीव ठेवलेला विजेचा पाइप रिकामा असेल तर तो ना गरम होतो, ना वाजतो. त्यात इलेक्ट्रिशियनची स्प्रिंग वायर घाला. पोलादी असेल ती घ्या, नायलॉनची नको. विजेचा पाइप असेल तर आधी मेन बंद. हा सगळ्या क्रमातला एकमेव अपवाद. तारेला टोन सोडणारं छोटं यंत्र जोडलं आणि वरून त्याचा शोधक फिरवला की तार जिथे जाते तिथे आवाज येतो. केबलवाल्यांकडे हे यंत्र असतं. ते नसेल तर किमान तार किती मीटर आत गेली आणि कुठे अडली ते मोजा. बऱ्याचदा तेवढ्यावरून वळण कुठे आहे ते कळतं.

सांडपाण्याच्या पाइपात हेच काम तुंबलेली लाइन तपासणारा कॅमेरा करतो. काही कॅमेऱ्यांच्या टोकाशी सिग्नल देणारा तुकडा असतो, तो फरशीवरून शोधता येतो.

पिण्याच्या पाण्याच्या लाइनमध्ये तार घालू नका. पहिल्याच एल्बोला, म्हणजे वळणाच्या सांध्याला, ती अडते, आणि अडलेली तार काढताना सांधा दुखावतो.

## टप्पा ७: खुणा एकत्र करा आणि जागा ठरवा

आता टेपवर तीन प्रकारच्या खुणा असतील: डोक्याने काढलेल्या, थर्मलच्या आणि मशीनच्या. वेगवेगळ्या रंगाच्या पेनने केल्या असतील तर उत्तम. दोन खुणा जुळत असतील तर पाइप तिथे आहे असं धरा. एकच असेल आणि बाकी गप्प असतील तरी पाइप आहे असंच धरा. तिन्ही गप्प असतील तर फक्त एवढंच कळलं की तिघांना काही दिसलं नाही. पुढचा टप्पा त्यासाठी आहे.

सापडलेल्या पाइपच्या कडेपासून मी ५ सेमी सोडतो, थर्मलचा पट्टा पसरट असेल तर १०. काम दोन बोटं सरकवून भागत असेल तर सरकवा. दोन टाइलमधल्या सांध्यावर भोक घेतलं तर पाइप चुकतो अशी एक समजूत आहे. तिला काही आधार नाही. टाइल लावणाऱ्याने खालचा पाइप बघून सांधे जुळवलेले नसतात.

## टप्पा ८: आता बंद करा, मग भोक

१. मेन वॉल्व्ह बंद. गिझरची वीज बंद. सगळ्यात खालचा गरम आणि गार नळ उघडून लाइनमधला दाब काढा.

२. त्या खोलीचा एमसीबी खाली. ड्रिलला वीज दुसऱ्या खोलीतून घ्या किंवा बॅटरीचं ड्रिल वापरा.

३. बिटावर खोलीची खूण म्हणून रंगीत टेप गुंडाळा, किंवा ड्रिलची खोली थांबवणारी दांडी लावा. टेप सरकते, दांडी बरी.

४. टाइल असेपर्यंत हॅमर बंद, टाइलचं बिट, कमी वेग. टाइल पार झाली की सिमेंटचं बिट.

५. दर ५ मिमीला थांबा आणि भुकटी बघा. टाइलची भुकटी पीठासारखी, फिकट. मग करडी, वाळूची. लाल झाली तर तुम्ही वीटतुकड्यांच्या कोब्यात शिरलात. पाइप असण्याची शक्यता वाढली. भुकटी अचानक ओली झाली, बिट एकदम मऊ जागेत "बसलं" किंवा पांढरट, पिवळट, करडी कुरळी साल आली तर तिथेच थांबा. सीपीव्हीसीच्या अर्ध्या-पाऊण इंची पाइपची भिंत जेमतेम दोन मिमी असते. साल दिसली म्हणजे तेवढीच जागा होती, आणि तीही गेलेली असू शकते.

हॅमर वापरावा लागला तरी अंगाचा भार टाकू नका. ड्रिल स्वतःच्या वजनाने जाऊ द्या. भार टाकलेलं बिट पोकळीत शिरताना थांबवता येत नाही.

## टप्पा ९: गिट्टी ठोकण्याआधीची अर्धा तासाची वाट

मी हीच पायरी गाळली होती. भोक झालं की भुकटी ओढून काढा, पण काही भरू नका. नळ बंद करून मेन वॉल्व्ह सावकाश उघडा. टिश्यू पेपरची बारीक गुंडाळी करून भोकात टेकवा आणि अर्धा तास थांबा. मध्ये एकदा गिझरही चालू करा, कारण गरम लाइन वेगळी आहे. टिश्यू कोरडा निघाला तर टॉर्चने तळ बघा. मग सांडपाण्याच्या लाइनमध्ये दोन बादल्या एकदम ओता आणि पुन्हा टिश्यू लावा. त्या पाइपात दाब नसतो, म्हणून तो एरवी कोरडाच वाटतो. सगळं कोरडं असेल तर गिट्टी, स्क्रू आणि बाथरूम असेल तर भोकात आधी सिलिकॉन.

## पाइप फुटलाच तर

ट्रिगर सोडा. ड्रिलचा प्लग काढा, हात ओले व्हायच्या आत. बिट भोकातच राहू द्या, ते बुचासारखं काम करतं. वॉल्व्ह बंद करा, खालचा नळ उघडा. मग बिट काढा.

वरून पुट्टी किंवा सिमेंट भरून वेळ मारून नेऊ नका. खाली सोडलेला स्लॅब हौदासारखा पाणी साठवतो. तुमची फरशी कोरडी राहते आणि खालच्यांच्या छताला आठवड्याने ओल येते. फूटभर चौकोन उघडा, फुटलेला तुकडा कापून दोन कपलर लावा. सीपीव्हीसीला सीपीव्हीसीचंच सोल्यूशन वापरा, डब्यावर लिहिलेला सुकण्याचा वेळ द्या, आणि पाणी सोडून, बघून, मगच फरशी बंद करा. खालच्या मजल्यावर स्वतः जाऊन सांगा, त्यांनी जिना चढण्याआधी.

चौकोन उघडलाच आहे तर मोजपट्टी भिंतीपासून लावून पाइपचा फोटो काढा. बहिणीच्या घरी तो फोटो छापून वीजपेटीच्या दाराला आतून चिकटवला आहे. गेल्या महिन्यात काचेच्या पार्टिशनवाला आला तेव्हा तिने त्याला आधी ते दार उघडून दाखवलं.